ब्लॉगस्पॉटवरचा रानफुलांचा ब्लॉग वर्डप्रेसवर हलवावा का?

रानवाट:
नमस्कार. मी भोर-वेल्हे भागातल्या रानफुलांवर मराठीतून लिहिते. ब्लॉग २०११ पासून ब्लॉगस्पॉटवर आहे आणि प्रत्येक लेखात भरपूर फोटो असतात. वाचक सांगतात की मोबाइलवर पान उघडायला फार वेळ लागतो, अक्षरं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि मथळ्यांची शिरोरेषा तुटते. शिवाय जवळजवळ सगळ्या लेखांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट_२३' अशा छापाचे आहेत, त्यावरून लेख कशावर आहे ते कळत नाही.

भाचा म्हणतो, होस्टिंग (साइट ठेवायला भाड्याची जागा) घे आणि वर्डप्रेसवर जा. मला कोडिंग येत नाही, पण शिकायची तयारी आहे. खर्च वर्षाला हजार-दीड हजाराच्या वर नको. आणि एक गोष्ट मला अजिबात चालणार नाही: जुन्या लिंक तुटणं. २०१६ च्या कारवीच्या बहराचा लेख वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी अजून एकमेकांना पाठवतात. काय करावं?

घाटमाथा:
वर्डप्रेसला माझं मत. थीम (साइटच्या दिसण्याचा तयार साचा) हवी ती मिळते, बॅकअपला प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) आहे, आणि ब्लॉगरवरचे, म्हणजे ब्लॉगस्पॉट चालवणाऱ्या सेवेवरचे, लेख आत घ्यायलाही प्लगिन आहे. मात्र थीम, प्लगिन आणि वर्डप्रेस स्वतः, तिन्ही वेळच्या वेळी अपडेट करावे लागतात. ते दर महिन्याला बघायला कुणी नसेल तर साइट हॅक होऊ शकते. भाचा ते करणार आहे का, हे आधी विचारा.

खिळेजुळणी:
ताई, आत्ता हलवू नका. तुमच्या सगळ्या तक्रारी आहे त्या जागीच दुरुस्त होतात, आणि दुरुस्त न करता वर्डप्रेसवर गेलात तर त्या तिथेही तुमच्याबरोबर येतील. मी साताऱ्यात छपाईच्या कामातून इकडे आलो, आता लहान लहान मराठी साइट सांभाळतो. तेच तेच दुखणं जवळपास प्रत्येक साइटवर दिसतं.

शिरोरेषेचं आधी सांगतो. थीम इंग्रजीसाठी बनवलेल्या असतात. रोमन अक्षरांमध्ये जराशी मोकळी जागा सोडली की मथळा देखणा दिसतो, म्हणून त्यात लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. देवनागरीत तीच जागा शिरोरेषा चिरते. ब्लॉगरमध्ये थीम, कस्टमाइझ, अ‍ॅडव्हान्स्ड असं गेलात की शेवटी 'अ‍ॅड सीएसएस' हा पानाच्या दिसण्याच्या सूचना लिहायचा कप्पा आहे. तिथे मथळ्यांचं लेटर-स्पेसिंग शून्य करा. तिथेच मजकुराचा आकार १८ पिक्सेल आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.७ ठेवा. इंग्रजीला १.४ पुरतं, पण आपल्याकडे वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांना भिडतात, आणि तुमचे वाचक 'चिकटल्यासारखी' म्हणतात ते हेच असणार. मजकूर जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ) केलेला असेल तर ते काढा, फोनच्या अरुंद रकान्यात शब्दांमध्ये भगदाडं पडतात. इटॅलिकही मराठी मजकुरातून काढा. बहुतेक देवनागरी फाँटांत खरं तिरपं अक्षर नसतंच, ब्राउझर सरळ अक्षरालाच तिरकं ओढतो. वनस्पतींची शास्त्रीय नावं रोमन लिपीत देत असाल तर तिथे मात्र इटॅलिक ठेवाच, ती शास्त्राची रीत आहे.

थीमच्या फाँटात देवनागरी नसेल तर प्रत्येक यंत्र स्वतःजवळचं अक्षर लावतं: अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर. म्हणून फाँट तुम्ही निवडा. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्ता' मोफत आहे आणि लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. 'टिरो देवनागरी मराठी' मला दीर्घ लेखांसाठी फार आवडतो, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात. पण त्याला ठळक वजन नाही, तेव्हा मथळे मुक्तात ठेवा. दोनपेक्षा जास्त फाँट नकोत, प्रत्येक फाँट फोनला उतरवून घ्यावा लागतो. पानाच्या कोडात भाषेची खूण मराठीची आहे ना, तेही भाच्याला बघायला सांगा. काही फाँट ती पाहूनच मराठी ल-श देतात, आणि अंध वाचकांचा स्क्रीन रीडर त्यावरून भाषा ओळखतो.

आता वेग. फोटो लेखात 'ओरिजिनल साइझ'मध्ये टाकत असाल तर तो 'लार्ज' किंवा 'एक्स्ट्रा लार्ज' करा. फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो, आणि असे वीस फोटो रेंज नसलेल्या गावात कोण उघडणार? सेटिंग्जमध्ये पोस्टच्या भागात 'लेझी लोड' (वाचक खाली येईल तसे फोटो उतरवणं) आणि 'वेबपी' (फोटोचा हलका प्रकार) ही दोन बटणं आहेत, दोन्ही चालू करा. मुख्य पानावर पाचच लेख दिसू द्या, आणि प्रत्येक लेखात पहिल्या परिच्छेदानंतर 'जंप ब्रेक' टाका, म्हणजे मुख्य पानावर तेवढाच भाग दिसेल. बाजूच्या पट्टीतलं घड्याळ, पाहुण्यांचा काउंटर, फेसबुकची चौकट काढा. काउंटर चालवणारी कंपनी बंद पडून तिचं डोमेन (साइटच्या पत्त्याचं नाव) दुसऱ्या कुणी घेतलं तर त्याची स्क्रिप्ट तुमच्या पानावर चालते, म्हणून हे नुसतं वेगापुरतं नाही. थीम २०१७ च्या आधीची असेल तर ब्लॉगरच्याच कंटेम्पो, सोहो, एम्पोरिओ, नोटेबल यांतली एक घ्या, त्या फोनवर आपोआप जुळतात. बदलण्याआधी जुन्या थीमची प्रत उतरवून ठेवा.

पैसा खर्च करायचा तो डोमेनवर करा. स्वतःच्या नावाचं डॉट-इन घ्या, आणि घेताना पहिल्या वर्षाची सवलत नव्हे तर नूतनीकरणाची किंमत बघा. नोंदणी तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोन नंबरवर करा, भाच्याच्या नाही. ब्लॉगरला ते डोमेन जोडलं की जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवतो, एचटीटीपीएसही (सुरक्षित जोडणी) मोफत मिळतं. पुढे कधी वर्डप्रेसवर जावंसं वाटलंच, तर तिथे परमालिंकची (लेखाच्या कायमच्या पत्त्याची) रचना ब्लॉगरसारखीच 'वर्ष, महिना, नाव.एचटीएमएल' अशी ठेवता येते. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते. पुढच्या बहराला कुणी तुमची २०१६ ची लिंक उघडली तर ती उघडायलाच हवी, ही तुमची अट मला शंभर टक्के पटते.

रानवाट:
फार फार आभार. लेटर-स्पेसिंग शून्य केलं, मथळे लगेच जुळले! दोन शंका. 'ब्लॉग-पोस्ट_२३'सारखे जुने पत्ते बदलू का? आणि वर्डप्रेसवर पत्ता मराठीतच ठेवता येतो असं ऐकलं, ते बरं नाही का?

खिळेजुळणी:
जुने पत्ते राहू द्या. शीर्षक नुसतं देवनागरीत असलं की ब्लॉगर स्वतःच तसं नाव देतं. त्याने वाचकाचं काही अडत नाही. यापुढे मात्र प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या 'परमालिंक'मध्ये 'कस्टम' निवडून रोमन लिपीत छोटं नाव द्या, 'karvi-2016' असं. एखादा जुना पत्ता बदलायचाच असेल तर सेटिंग्जमध्ये 'कस्टम रिडायरेक्ट'ची, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवण्याची, कायमची नोंद करा.

मराठी पत्त्याची इच्छा मला समजते, पण वर्डप्रेसमध्ये तो टक्क्यांच्या खुणांच्या सांकेतिक रूपात साठतो. एका देवनागरी अक्षराला नऊ जागा लागतात, काना, वेलांटी आणि हलन्त यांनाही प्रत्येकी नऊ, आणि मर्यादा आहे २०० जागांची. म्हणजे बाविसेक खुणा. 'सह्याद्रीतली पावसाळी रानफुलं' या शीर्षकाचा पत्ता 'रान'वरच कापला जातो. शिवाय कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी टक्क्यांची लांबलचक माळ दिसते.

घाटमाथा:
डोमेन जोडताना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसहचा पत्ता भरा आणि त्याशिवायचा पत्ता तिकडे वळवण्याचं बटण चालू करा. ब्लॉगर दोन सीनेम नोंदी (डोमेन ब्लॉगला जोडणाऱ्या) देतं, दोन्ही डोमेन विक्रेत्याच्या पॅनेलमध्ये जशाच्या तशा टाका. लागू व्हायला कधी कधी एक दिवस जातो, तोवर काही बदलू नका.

खिळेजुळणी:
आणि हे सगळं करण्याआधी सेटिंग्जमधून 'बॅक अप कंटेंट' घ्या. त्यातल्या लेखांच्या फाइलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया असतात, फोटो नसतात, त्यांच्या फक्त लिंक असतात. मूळ फोटो वर्ष आणि फुलाच्या नावाने फोल्डर करून दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा.