स्ट्रॅटचा ट्रेमोलो: फक्त ब्लॉक बदलावा की सगळा ब्रिज?

प्रश्न

माझ्याकडे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) घडणीची, सहा स्क्रूंवर ब्रिज (बॉडीवर तारांना आधार देणारा धातूचा भाग) बसवलेली एक स्वस्त गिटार आहे. ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज झुकवून सूर हलवण्याच्या यंत्रणेचा, आर्म (दांडी) जोराने दाबून सोडला की तिसरी तार, म्हणजे जी, मूळ सुरावर परत येत नाही. बाकीच्या तारा बहुतेक वेळा येतात. शिवाय मी 9 ते 42 मापाच्या तारा काढून 10 ते 46 मापाच्या लावल्यापासून ब्रिजची मागची कड बरीच वर उचललेली दिसते. दुकानदाराच्या मते जस्ताच्या मिश्रधातूचा ब्लॉक (ब्रिजखालचा ठोकळा) काढून पोलादी बसवावा, तर माझा मित्र थेट फ्लॉइड रोझ (तारा कुलूपबंद करणारी वेगळी ट्रेमोलो यंत्रणा) बसवण्याचा आग्रह धरतो. सहा हजार रुपयांत नेमके काय बदलणे शहाणपणाचे ठरेल?

प्रतिसाद १

खर्चाचा विचार करण्यापूर्वी एक तपासणी करावी. आर्म दाबून सोडल्यावर जी तार चढलेली असते की उतरलेली, हे ट्यूनरवर पाहावे. आर्म दाबला की तार सैल पडते आणि तिचा थोडा भाग नटमधून (गळ्याच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) खुंटीच्या बाजूला सरकतो. आर्म सोडल्यावर तो भाग परत यायला हवा, पण नटची खाच अरुंद किंवा खरखरीत असेल तर तो तिथेच अडकतो आणि तार चढलेली राहते. दोष बिजागरीच्या बाजूला असेल, म्हणजे ब्रिजची प्लेट स्क्रूंना घासून पुढे झुकलेलीच राहत असेल, तर एकटी जी नव्हे, सहाही तारा मिळून उतरतील.

प्रश्नकर्ता

तार चढलेलीच राहते. ती बोटाने एकदा खेचून सोडली की पुन्हा सुरात येते.

प्रतिसाद १

मग दोष नटमध्ये आहे, आणि पोलादी ब्लॉकने तो जाणार नाही. तुम्ही जाड तारा लावल्यात, पण खाचा जुन्याच मापाच्या आहेत. एखाद्या जाणकार कारागिराकडून त्या नव्या तारांच्या मापाने घासून घ्याव्यात. तोवर खाचेत मऊ पेन्सिलीचे टोक फिरवले तरी फरक कळेल.

ब्रिज उचलला जाण्याचे कारण याहून सोपे आहे. जाड तारांचा ताण अधिक असतो आणि बॉडीच्या मागे ब्लॉकला ओढून धरणाऱ्या तीन स्प्रिंगा त्याला पुऱ्या पडत नाहीत. क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू थोडे आवळावेत, अन्यथा चौथी स्प्रिंग लावावी. फेंडरच्या नेहमीच्या मापानुसार प्लेटची मागची कड बॉडीपासून सुमारे 3.2 मिमी वर असावी. एकदा स्प्रिंगा आवळायच्या, तारा सुरात लावायच्या, पुन्हा माप घ्यायचे, असे तीन-चार वेळा करावे लागते. इथे घाई केली की सगळे बिघडते.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त सहा स्क्रूंविषयी भर घालतो. सहाही स्क्रू घट्ट आवळलेले असतील तर प्लेट मोकळी झुलत नाही. सहाही स्क्रू प्लेटपासून सुमारे 1.6 मिमी वर ठेवावेत आणि मग फक्त बाहेरचे दोन प्लेटला टेकेपर्यंत खाली घ्यावेत; झुलण्याचा भार त्या दोघांनीच वाहायचा असतो.

तरीही पुढे ब्रिज बदलायचा झाला, तर मागवण्यापूर्वी कॅलिपरने मोजमाप करा. बाहेरच्या दोन स्क्रूंच्या मध्यांतले अंतर जुन्या अमेरिकी घडणीत 56.4 मिमी असते, आशियाई गिटारांत ते पुष्कळदा 52.5 किंवा 54 मिमी भरते. चित्रात सगळे ब्रिज सारखेच दिसतात आणि चुकीचा घरी आला की नवी भोके पाडण्याची वेळ येते. स्वस्त गिटारची बॉडी पातळही असू शकते, त्यामुळे पूर्ण उंचीचा ब्लॉक मागून बाहेर डोकावेल. आर्मचे आटेही पाहा: अमेरिकी भागांत 10-32, आशियाई भागांत बहुधा 5 किंवा 6 मिमी.

फ्लॉइड रोझचा विचार सध्या सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी बॉडी कोरावी लागते, नटच्या जागी कुलूप असलेला नट बसवावा लागतो, आणि हे काम एकदा केले की मागे फिरता येत नाही.

थोडे विषयांतर: 1954 साली स्ट्रॅटबरोबर हे यंत्र आले, तेव्हापासून त्याला ट्रेमोलो म्हटले जाते, पण ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचे चढउतार. सूर हलवणे म्हणजे व्हायब्रॅटो. गंमत अशी की फेंडरच्याच अनेक अँप्लिफायरांवर आवाजाच्या चढउताराला व्हायब्रॅटो असे छापलेले असते. तरी सुटे भाग शोधताना ट्रेमोलो हाच शब्द वापरा, कारण दुकानदार तोच ओळखतात.

प्रतिसाद ३

पोलादी ब्लॉक अगदीच निरुपयोगी ठरवू नये. मऊ मिश्रधातूतले आटे झिजले की आर्म खडखडतो, आणि तेव्हा पोलादी ब्लॉकचा खरा उपयोग होतो. आवाजातल्या फरकावर मात्र वाद आहेत आणि मला स्वतःला तो थोडाच जाणवला.

मी कोकणात राहतो. इथल्या पावसाळ्यात स्क्रू आणि स्प्रिंगांना गंज धरतो, म्हणून प्लेट टेकते त्या कडेला मी वर्षातून एकदा ग्रीसचा बारीक थेंब लावतो. आणि ब्लॉक काढताना एक लक्षात असू द्या: क्लॉला सोल्डर केलेली अर्थिंगची वायर ओढली जाऊन तुटली, तर तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही आणि माणूस उगाच पिकअपला (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाला) दोष देत बसतो.

प्रश्नकर्ता

पेन्सिल फिरवून पाहिली. जी तार दहापैकी आठ वेळा सुरात परत आली. बाहेरच्या स्क्रूंमधले अंतर 52.5 मिमी आहे आणि मी 56.4 मिमीचा ब्रिज मागवण्याच्या बेतात होतो. आता आधी नट घासून घेतो.