जुन्या घरातला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप: निपल भिंतीत तुटलंय, आता काय करू?

अबोली:
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमची तळमजला अधिक तीन अशी इमारत आहे, १९८३ची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. घर बाबांनी घेतलेलं. नळाची किरकोळ कामं ते स्वतःच करायचे आणि वायसर बदलणं, कॉक बसवणं, सिंकचा तुंबा काढणं हे मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांचा बारा इंची पाइप पाना अजून माझ्याकडे आहे.

रविवारी न्हाणीघरातला बिब कॉक बदलायला घेतला. दोनदा वायसर घालूनही थेंब थांबत नव्हता, आतली बैठकच झिजली होती. जुना कॉक फिरेना म्हणून पान्यावर जोर दिला, तर कॉकसकट निपल, म्हणजे कॉक आणि पाइप जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा, हातात आलं. टाइलच्या बोटभर आत, बरोबर आट्यांच्या मुळाशी तुटलंय. तो तुकडा समोर ठेवूनच हे लिहिते आहे. बाहेरून अगदी दणकट दिसतो, पण तुटल्या कडेला पत्रा नखाएवढा पातळ आहे. आत तपकिरी गाठी इतक्या साठल्यात की अर्ध्या इंची पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल.

धावत गच्चीवर गेले. आमच्या डाउनटेकच्या (टाकीतून खाली घरांत पाणी आणणाऱ्या पाइपाच्या) गेट व्हॉल्व्हचं चाक फिरतंय, पण पाणी काही थांबत नाही. शेवटी टाकीवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि बाराही घरं दोन तास बिनपाण्याची राहिली. त्या वेळात मुलाने लाकडी खुंटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती भोकात ठोकली. सध्या त्या खुंटीवर घर चाललंय.

दोन प्लंबर येऊन गेले. एक म्हणतो, आतला तुकडा काढून नवं निपल घालतो. दुसरा म्हणतो, तेवढी झिरी मारून (भिंत खोदून) जीआयला सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) जोडतो आणि वरून टाइल लावून देतो. जोड एकदा टाइलमागे गेला की तो मला कधी दिसणार, ही माझी काळजी.

त्यात खालच्या काकूंच्या छताला आठ महिने ओल आहे, पोपडे पडतात. कमिटी म्हणते खर्च माझा, आणि गच्चीवरचा व्हॉल्व्हही मीच बदलायचा. शेवटचं म्हणजे काम निघालंच आहे तर वॉशिंग मशीन गॅलरीत हलवून त्याचं पाणी तिथल्या पावसाळी पाइपात सोडलं तर चालेल का? बऱ्याच जणांनी तसंच केलंय.

जुना ओव्हरसीअर:
अबोलीताई, तुमची काळजी रास्त आहे. निपल आट्यांपाशीच का तुटलं ते आधी सांगतो. बी क्लासच्या अर्ध्या इंची जीआय पाइपाचा पत्रा २.६ मिमी असतो. अर्ध्या इंची आट्यांची खोली १.१६ मिमी. म्हणजे आटे पाडायला डाय मारली की जवळजवळ अर्धा पत्रा गेला, आणि त्यावरचा जस्ताचा थरही गेला. गंज तिथूनच खायला लागतो. तुमच्या भिंतीतल्या प्रत्येक एल्बोला (वळणाच्या जोडाला), प्रत्येक टीला (तिहेरी जोडाला) हेच आटे आहेत, त्याच वयाचे. पहिला प्लंबर तुकडा काढेलही, आत चौकोनी कानस ठोकून फिरवली की बहुतेक वेळा निघतो. पण तो पीळ मागच्या एल्बोवर जातो. आज निपल निघेल, पुढच्या महिन्यात एल्बो बोलेल.

दुसऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. जीआय आणि सीपीव्हीसीचा आट्यांचा जोड भिंतीत पुरायचा नसतो, तो डोळ्यांसमोर हवा. भिंतीतली जुनी लाइन आहे तिथेच सोडून द्या, मात्र तिचं तोंड प्लगने पक्कं बंद करा. डाउनटेकवरून तुमच्या घरात शिरणाऱ्या फाट्यापासून नवी सीपीव्हीसी उघड्यावर घ्या. पाइपावर आयएस १५७७८ छापलंय ना ते स्वतः वाचा. जीआयला भेटतो तिथे पितळी आट्यांचा अडॅप्टर घाला. प्लास्टिकचे आटे लोखंडावर आवळले तर चिरतात. दर तीन फुटांवर क्लॅम्प, आणि सोल्युशन लावल्यावर पुरता दिवसभर पाणी सोडू नका. पाइपाचा जो भाग उन्हात येईल त्याला पाण्यात मिसळणारा रंग द्या, ऑइल पेंट नको.

पाण्याची धार बारीक असली तर दोष उंचीचा नाही. दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर मिळतं. टाकी तुमच्या नळाच्या सात मीटर वर धरली तरी पाऊण किलोच्या आसपास यायला हवं. ते गाठींनी अडवलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या इमारतींत गीझरची अर्थिंगची तार पुष्कळदा पाण्याच्या पाइपालाच बांधलेली असते. लोखंडाच्या जागी प्लास्टिक आलं की ती अर्थिंग तिथेच संपली. गीझरला पाणी येतं, गरमही होतं, सगळं ठीक वाटतं, आणि एखाद दिवशी कॉइल फुटली की ओल्या हाताला झटका. पाइपाला हात लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. वेगळी अर्थिंग आहे का ते मोजून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. हे काम स्वतः करू नका.

माजी सेक्रेटरी:
सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याची वाटणी स्पष्ट आहे. टाकी, सामाईक पाइपलाइन, ड्रेनेज, गच्चीतून येणारी पावसाची गळती हे सोसायटीच्या खर्चाचं. संडास, सिंक वगैरेंमुळे घरातल्या घरात होणारी गळती त्या सभासदाच्या खर्चाची. तुमचा तो व्हॉल्व्ह सामाईक डाउनटेकवर असेल तर सोसायटीचा. तोंडी वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच अर्जात नव्या लाइनीची परवानगीही मागा.

पावसाळी पाइपाचं मात्र करू नका, कितीही जणांनी केलं असलं तरी. तो पाइप खाली उघड्या गटारावर सुटतो, चेंबरला जात नाही. साबणाचं पाणी ट्रॅपमधून (पाणी साठून वास अडवणाऱ्या वळणातून) सांडपाण्याच्या पाइपात आणि पुढे गल्ली ट्रॅपमध्येच (इमारतीच्या पायथ्याशी सांडपाणी घेणाऱ्या ट्रॅपमध्ये) गेलं पाहिजे. तुमच्या काळातल्या इमारतींत मैल्याचा पाइप वेगळा आणि सांडपाण्याचा वेगळा असतो, तेव्हा मैल्याच्या पाइपाला परस्पर भोक पाडू देऊ नका. मशीन न्हाणीघरातच ठेवा, नळी नहाणी ट्रॅपवर (न्हाणीघराच्या लादीतल्या ट्रॅपवर).

ठाणेकर:
ओल कुणाची हे ठरवायच्या आधी ती नळाची की सांडपाण्याची ते बघा. आमच्याकडे हाच घोळ सहा महिने चालला. नळाची लाइन गळत असेल तर डाग रात्रंदिवस सारखाच ओला राहतो. सांडपाण्याची असेल तर आंघोळीनंतर वाढतो. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून न्हाणीघरात दोन इंच पाणी कोंडा, भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि २४ तास थांबा. खालच्यांना आधी सांगून ठेवा.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरात काय झालं ते सांगते.

ओव्हरसीअरकाका, गीझरमागची पेटी उघडली तर खरंच हिरवी तार पाइपावरच्या पट्टीला गुंडाळलेली निघाली. पट्टी गंजून सैल झाली होती, बोटाने हलत होती. किती वर्षं आम्ही त्या गीझरच्या भरवशावर होतो! इलेक्ट्रिशियनने मीटरपासून स्वतंत्र तार ओढली आणि आरसीसीबी बसवला. मग प्लंबरकडून बाहेरून सीपीव्हीसी घेतली. अडॅप्टर आणि क्लॅम्प मी लावले, फाट्यावरचा जोड त्याने केला. एक दिवस थांबून पाणी सोडलं. बादली आधी सात मिनिटांत भरायची, आता दोन मिनिटांत भरते.

पाणी कोंडायची परीक्षा काकूंना सांगून केली. सकाळी खुणेपेक्षा बोटभर पाणी कमी झालं होतं आणि त्यांच्याकडे ट्रॅपच्या अगदी खाली थेंब धरला होता. म्हणजे ट्रॅप आणि लादीमधला सांधा गेलाय. ते काम माझं, खर्चही माझा, आणि तसं काकूंना जिन्यातच सांगून आले. कमिटीला व्हॉल्व्हचा अर्ज दिला. रविवारी सोसायटी तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवते आहे.

पुढच्या आठवड्यात ट्रॅप उकरतेय. काकूंचा मुलगा छत लगेच रंगवायला निघाला होता. गिलावा पूर्ण सुकेपर्यंत थांब, नाहीतर पुन्हा पोपडे येतील, असं त्याला सांगितलंय.