शब्दचर्चा : '१८० ग्रेनची बुलेट' मराठीत कशी लिहावी?

सहकारनगर :
आजोबांची शिकारीची वही मराठीत आणते आहे. वही १९५० च्या दशकातली, सगळी इंग्रजीत. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार संपली, रायफलही केव्हाच जमा करून झाली. वही तेवढी राहिली. त्यांच्याकडे तीस-झिरो-सहा (.30-06) काडतुसाची जुनी रायफल होती आणि वहीतली चार पानं फक्त तिच्याबद्दल आहेत. कोणती गोळी निवडावी, रिकामी काडतुसं पुन्हा कशी भरावीत, असं सगळं. अस्वलाच्या नि सांबराच्या गोष्टी सहज उतरल्या, या चार पानांनी मात्र महिना खाल्ला.

माझं एक वाक्य असं होतं : 'या नळीला १८० दाण्यांची मऊ नाकाची बुलेट चांगली, घन बुलेट नको.' मामानं वाचलं आणि विचारलं, "एका गोळीत एकशेऐंशी दाणे? म्हणजे छर्रे का गं?" तेव्हापासून हात थांबलाय. आजोबा एकेक शब्द तोलून लिहायचे. मला ते नेमकेपण मराठीत हवं आहे. मदत करा.

नारायण पेठ :
मामांची शंका बरोबर आहे. तो दाणा नव्हे, ग्रेन हे वजन आहे. मूळ धान्याच्या दाण्यावरूनच आलेलं, आपली गुंज जशी बीवरून आली तशी. पण आता ते ठरीव माप आहे. एका पौंडात ७००० ग्रेन, एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा. 'ग्रेन' तसाच ठेवा. 'दाणा' लिहिलंत की वाचकाला छर्रेच दिसणार. शिवाय बंदुकीच्या दारूचेही दाणे असतात आणि दारूही ग्रेनमध्येच तोलतात, म्हणजे घोटाळा दुप्पट.

आता एक गंमत सांगतो. ब्रिटिश अमलातला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, आणि चांदीचा कलदार रुपयाही तेवढ्याच वजनाचा. म्हणजे तुमच्या आजोबांची १८० ग्रेनची गोळी नेमकी एक तोळ्याची, 'रुपयाभर' वजनाची. बारा मासे, शहाण्णव गुंजा, पावणेबारा ग्रॅमच्या आतबाहेर. (आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हा नव्हे.) त्याच रायफलीची २२० ग्रेनची जड गोळी असते, ती सव्वा तोळ्याला थोडी कमी. त्यांच्या पिढीच्या हाताला हे वजन माहीत होतं. मी असतो तर पहिल्या उल्लेखाला '१८० ग्रेनची, म्हणजे तोळाभर वजनाची गोळी' असं लिहिलं असतं आणि पुढे नुसतं ग्रेन.

खडकी :
ताई, तुमच्या वाक्यात 'बुलेट' आहे तिथे 'गोळी'च हवी. माझा मुद्दा पुढचा आहे. वहीत जिथे जिथे बुलेट आलंय तिथे ती खरंच गोळी आहे, की अख्खं काडतूस, हे आधी बघा. बातम्यांत रोज वाचतो, 'घटनास्थळी गोळ्या सापडल्या'. सापडलेल्या असतात पुंगळ्या! गोळी भिंतीत किंवा माणसात गेलेली असते.

मी खडकीतच वाढलो. दारूगोळा कारखाना इथे १८६९ पासून आहे आणि आमच्या घरातली दोन माणसं त्यात होती. घरात चार शब्द पक्के होते. पितळेची ती पुंगळी. तिच्या बुडाशी बसते ती टोपी. आम्ही पोरं तिला टिकली म्हणायचो, कारण दिवाळीच्या टिकल्या फुटतात तशीच ती घोड्याच्या ठोक्यानं फुटते. आत दारू. तोंडाला बसवलेली गोळी. चारही मिळून काडतूस. वापरलेलं नसेल तर जिवंत काडतूस, हा शब्द तर पोलिसांच्या बातमीतून घराघरांत गेलाय. पुंगळीलाही खांदा, गळा, बूड आणि काठ असतो. हे शब्द कोशात शोधू नका, बाटलीला लावतो तेच आहेत. जुन्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं दिसली तर ती इथली समजा. खडकीचं इंग्रजी स्पेलिंग पूर्वी 'किर्की' होतं, त्याचा तो 'के'.

कोथरूड :
काडतूस पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून ना? त्याच्या मुळाशी कागद आहे असं वाचलंय.

नारायण पेठ :
हो. कागदाची सुरळी हा मूळ अर्थ. १८५७ ची चरबी लावलेली काडतुसं आपण शाळेत शिकलो, ती कागदाचीच होती, म्हणून तर दातांनी फाडायची. पितळ नंतर आलं, नाव कागदाचंच राहिलं.

'बंदूक' याहून मजेशीर आहे. अरबीत बुंदुक म्हणजे एक कवचाचं फळ, हेझलनट. त्यावरून तेवढीशी मारायची गोळी आणि गोळीवरून ती मारणारं हत्यार. तुर्कीत 'तोप' म्हणजे चेंडूही आणि तोफही. आपला गोळा आणि त्याची धाकटी गोळी. सगळीकडे नाव गोल वस्तूचं. रायफलीची गोळी आता लांबट असते, तरी ती गोळीच, आणि ते मला योग्य वाटतं.

भोसरी :
रायफल या नावाचा अर्थ वहीत लागेल म्हणून लिहितो. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात त्यांवरून रायफल. आमच्या वर्कशॉपात याला सरळ आटे म्हणतात, स्क्रूचे असतात तसे. फक्त हे आटे फार लांब पल्ल्याचे. तीस-झिरो-सहाला साधारण दहा इंचांत एक पूर्ण फेरा. गोळी आट्यांत रुतते, फिरत बाहेर पडते, म्हणून नाक पुढे ठेवून सरळ जाते. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट लागतो. जड गोळी लांब असते, म्हणून 'या नळीला ही गोळी चांगली' यात आजोबांची आवड कमी आणि हिशोब जास्त असणार. जुन्या नळीचे आटे झिजले असतील तर तेही त्यांनी धरलं असेल. काडतूस बसतं त्या जागेला 'घर' लिहा. बेअरिंगचं घर म्हणतो, तसंच काडतुसाचं घर.

आणि तीस-झिरो-सहामधला 'सहा' हे माप नाही! ते काडतूस आलं ते १९०६ साल आहे. गोळीचा व्यास ०.३०८ इंच. भाषांतरात '३०.०६ मिलिमीटर' वगैरे होऊ देऊ नका, ती लहान तोफ होईल.

कोथरूड :
'मऊ नाक' आणि 'घन' याबद्दल. 'घन' चुकीचं आहे, 'भरीव'ही चालणार नाही, कारण शिशाची गोळी दोन्ही प्रकारांत भरीवच असते. फरक कवचाचा. इंग्रजीत जिला सॉलिड म्हणत त्या गोळीचं टोक पूर्ण झाकलेलं असतं, ती आकार न बदलता आरपार जाते. दुसरीचं टोक उघडं, शिसं दिसतं, आणि लागल्यावर ते फुलतं. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात अशा फुलणाऱ्या गोळ्या लष्करासाठी निघाल्या. १८९९ च्या हेग परिषदेनं त्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र तीच गोळी योग्य मानत, कारण जनावर जखमी होऊन रानात तडफडत फिरू नये.

आपल्याकडे यासाठी सुंदर क्रियापद आहे : मढवणे. पखवाज मढवतात, देवाचा चौरंग चांदीनं मढवतात. 'पूर्ण मढवलेली गोळी' आणि 'उघड्या टोकाची गोळी' असं लिहून बघा.

सहकारनगर :
मढवलेली! आजोबांचा देव्हाराच डोळ्यांसमोर आला. घेतला.

आता अडलंय ते 'रीलोडिंग'. 'पुनर्भरण' लिहिलं तर पावसाच्या पाण्याचं वाटतं. 'भरणे' लिहिलं तर बंदूक भरणे आणि काडतूस भरणे यांत फरक कळत नाही.

खडकी :
कळतो, कर्म लिहिलं की झालं. 'बंदूक भरली' म्हणजे काडतूस घरात सरकवलं. 'काडतूस भरलं' म्हणजे पुंगळीत टोपी, दारू, गोळी घातली. ठासणीच्या बंदुकीत हे दोन्ही एकच काम होतं, नळीतच दारू ओतायची आणि गजानं ठासायची, त्याला 'बार भरणे' म्हणत. फुसका बार तिथलाच, आणि लग्नाचा बारही. तुमच्या वहीत 'पुंगळ्या पुन्हा भरणे' लिहा.

एक कळकळीची विनंती. वहीत दारूची जी जात लिहिलीय ती गाळू नका. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक, कोळसा. बिनधुराची दारू वेगळी, तेवढ्याच वजनात कितीतरी जोरकस. काळ्या दारूसाठी घडवलेल्या जुन्या नळीत ती काळ्याच्या मापानं भरली तर नळी फुटते, हात जातो. मराठीत दोघींना नुसतं 'दारू' म्हणून चालणार नाही.

शिवाजीनगर :
तळटीपही द्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात, आणि बनवायला परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही. नातवंडं वही वाचून पुंगळ्या शोधायला निघायला नकोत.

सहकारनगर :
तळटीप देते. मापांचे आकडे असलेलं अर्धं पान छापायचं नाही असं मामानं आणि मी ठरवलंय, ते मूळ वहीत राहील.

वाक्य आता असं झालंय, चूक असेल तर सांगा : 'ही नळी जुनी आहे. हिला तोळाभर वजनाची, उघड्या टोकाची गोळी मानवते. पूर्ण मढवलेली देऊ नये. पुंगळ्या पुन्हा भरताना गळा चिरलेली दिसली तर बाजूला काढावी, मोह धरू नये.'

नारायण पेठ :
'मानवते' उत्तम. काही बदलू नका.

भोसरी :
'चिरलेली' नको, 'तडकलेली' करा. चिरणारा कोणी नाही, पितळ आपणच तडकतं.

सहकारनगर :
केलं.