गमऱ्या, एश्बाल आणि ‘पुरावा’ हा शब्द

प्रश्न : बायबलच्या मराठी भाषांतरात यशया, यिर्मया, हिज्कीया, गमऱ्या अशी ‘-या’ने संपणारी नावे वारंवार येतात. हा ‘-या’ कोणता, आणि अशा नावांना ग्रंथाच्या ऐतिहासिकतेचा ‘पुरावा’ म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : गण्या-रम्यातल्या सलगीच्या ‘-या’शी त्याचे काहीही नाते नाही, हा ‘-या’ म्हणजे खुद्द याहवे या देवनामाचे संक्षिप्त रूप आहे. दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यातील जुन्या लेखांत तो ‘-याहू’ असा लिहिलेला आढळतो, तर उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात, शोमरोन येथे 1910 साली सापडलेल्या खापरांवर, ‘-याव’ असा.

बायबलमधील यिर्मया या ग्रंथाच्या 36व्या अध्यायात शाफानाचा पुत्र गमऱ्या याच्या खोलीत यिर्मया संदेष्ट्याच्या वचनांची गुंडाळी वाचली जाते. जेरुसलेममधील उत्खननात 1982 साली मातीच्या मुद्रांकित गोळ्या मिळाल्या, त्यांपैकी नखाएवढ्या एकीवर ‘गमर्याहू, शाफानाचा पुत्र’ अशी अक्षरे आहेत. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने शहर जाळले तेव्हा गोळ्यांनी बंद केलेले दस्तऐवज राख झाले, माती मात्र भट्टीत घातल्यासारखी पक्की भाजली गेली.

आणखी एक मत : वरील उदाहरणाला मी ‘पुरावा’ न म्हणता ‘दुजोरा’ म्हणेन. पुरावा एखादी गोष्ट सिद्ध करतो; इथे एवढेच कळते की त्या नावाचा, त्याच बापाचा मुलगा त्याच शहरात आणि त्याच सुमारास होता, म्हणजे लिहिणाऱ्याला (किंवा त्याच्या माहितीच्या स्रोताला) ती माणसे ठाऊक होती. त्याच अध्यायात पुढे राजा ती गुंडाळी शेकोटीत जाळतो; तसे खरोखर घडले की नाही, याबद्दल मुद्रा काहीच सांगत नाही.

मला याहून बोलके वाटते ते इस्राएलचा राजा शौल याच्या मुलाचे नाव. बायबलमधील ‘दुसरा शमुवेल’ या ग्रंथात तो ईश-बोशेथ, म्हणजे ‘लज्जेचा माणूस’ आहे, पण ‘पहिला इतिहास’ या ग्रंथात एश्बाल, म्हणजे ‘बआलचा माणूस’. परक्या देवाचे नाव खटकल्यामुळे कुणीतरी एका ठिकाणी ते बदलले आणि दुसऱ्या ठिकाणी ते राहून गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इस्राएलमधील खिर्बेत कैयाफा या उत्खननस्थळी सापडलेल्या सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या एका मडक्यावर हेच नाव कोरलेले आहे. तो एश्बाल मात्र बेदाचा मुलगा, शौलाचा नव्हे. म्हणून तिथे ‘दुजोरा’ही जड होतो, आणि ते नाव त्या काळी लोक खरोखर ठेवत असत याचा ‘दाखला’ एवढेच म्हणावे लागते.