एका पोथीत तीन शके : ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखिताचा काळ कसा ठरवायचा?

दौतटाक (प्रश्न)

ज्ञानेश्वरीच्या एका हस्तलिखित पोथीची सूचीसाठी नोंद करायची आहे. लिपी बालबोध, सुटी पत्रे ३४१, पाठपोट लिखाण, एका बाजूला १२ ओळी, ओळीत ३५ ते ३७ अक्षरे. गीतेचे श्लोक आणि दंड तांबड्या शाईत, ओव्या काळ्या शाईत. ५७ ते ६३ ही सात पत्रे मात्र वेगळ्या, पांढरट कागदावर आणि वेगळ्या हातची दिसतात.

शेवटच्या पत्रावर ओळीने तीन शके येतात. आधी 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' ही ओळखीची ओवी. तिच्यामागे 'श्रीशके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं' पासूनच्या ओव्या, त्यांतच 'प्रतिष्ठानीं गोदातटीं' असे आहे. त्यानंतर गद्यात: 'शके १६८१ सर्वजितनाम संवत्सरे माघ शुद्ध पंचमी', पुढे वार होता ती जागा कसरीने खाल्ली आहे, मग 'तद्दिनी पुस्तक समाप्त' आणि 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा' हा श्लोक. १६८१ मधला शेवटचा आकडा १ की ९, ते नीट लागत नाही.

ही प्रत १५८४ सालची, पैठणात लिहिलेली म्हणता येईल का? की तिसरा शक धरायचा? आणि पाठ एकनाथी (एकनाथांनी शुद्ध केलेला) आहे की त्याआधीचा, हे कशावरून ओळखावे?

हंसपाद

१५८४ अजिबात धरू नका. तीन शके तीन वेगळ्या कामांची आहेत. १२१२ हा टीका रचल्याचा शक, म्हणजे इसवी १२९०. १५०६ हा एकनाथांनी ग्रंथ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केल्याचा शक, इसवी १५८४. पैठण, गोदातट, भाद्रपदातली कपिलाषष्ठी हा सगळा तपशील एकनाथांच्या त्या कामाचा. पुढच्या नकलाकारांनी ह्या ओव्या ग्रंथाचाच भाग समजून जशाच्या तशा उतरवल्या. त्यामुळे महाराष्ट्रभर ज्ञानेश्वरीच्या शेकडो पोथ्या 'पैठणच्या' होऊन बसल्या आहेत, आणि जुन्या सूच्यांत ही चूक हमखास सापडते. तुमच्या प्रतीविषयी बोलू शकतो तो फक्त तिसरा, गद्य मजकूर. पुष्पिका, म्हणजे नकलाकाराची शेवटची नोंद, म्हणायची ती त्यालाच.

आता आकडा. यासाठी भिंगाच्या आधी संवत्सर वापरा. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवून ६० ने भागायचे. बाकी उरेल तितवा संवत्सर, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. रीत बरोबर आहे का ते माहीत असलेल्या शकांवर पडताळा. १५०६ + १२ = १५१८, भागून बाकी १८, अठरावा तारण; एकनाथांची ओवी तेच सांगते. शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ घ्या: १६०८, बाकी ४८, म्हणजे आनंद. तोही जुळतो.

तुमचा १६८१ घेतला तर १६९३, बाकी १३, म्हणजे प्रमाथी. सर्वजित एकविसावा. तो येतो शके १६२९, १६८९ आणि १७४९ ला. चक्र साठाचे असल्यामुळे एका संवत्सराच्या शकाचा एकम स्थानचा आकडा कधीच बदलत नाही. सर्वजित असेल तर शेवटी ९ च हवा. पहिले तीन आकडे १६८ हे नक्की असतील तर शक १६८९.

तरी पोथीतूनच आणखी एक पुरावा काढा. याच लेखकाने पत्रांवर आणि ओव्यांच्या शेवटी हजारो आकडे लिहिलेले आहेत. पत्र १९, ८१, ८९, ९१, १९९ यांचे अंक काढून शेवटच्या पत्राशेजारी ठेवून पाहा. पत्रांक बहुधा पत्राच्या मागच्या बाजूला, डाव्या समासात वर आणि उजव्या समासात खाली असतो. १ आणि ९ यांत फरक डोक्याजवळच्या लहानशा वळणाचा. तिथली शाई उडाली की ९ चा १ होतो. त्याच हातच्या ९ ची शेपटी कुठे वळते हे एकदा डोळ्यात बसले की शंका राहत नाही.

इसवी सन काढताना नेहमीची चूक टाळा. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून साधारण पौषाच्या पूर्वार्धापर्यंत. तुमची तिथी माघातली, म्हणून ७९. शके १६८९ माघ शुद्ध पंचमी येते जानेवारी १७६८ च्या चौथ्या आठवड्यात. डोळे झाकून १७६७ लिहिले तर नोंद एका वर्षाने चुकेल. वार शिल्लक असता तर पंचांगाच्या कोष्टकावरून तोही ताडून पाहता आला असता. कसरीने नेमके तेच खाल्ले, वाईट वाटते.

जुनाकागद

गणित पटले, पण एक धोका सांगायला हवा. पुष्पिकाही नकलून घेतली जाते. समोरच्या मूळ प्रतीत शके १६८९ असेल तर साठ-सत्तर वर्षांनी नक्कल करणाऱ्याने तोही मजकूर इमाने उतरवला असेल. 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा' लिहिणारा माणूस तसेच करतो, आणि तो श्लोक म्हणतोही तेच: जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. म्हणून संवत्सर जुळला याचा अर्थ शक खरा वाचला, एवढाच. तो याच कागदाचा शक आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

त्यासाठी शेवटच्या पत्रात हे पाहा. पुष्पिकेची शाई आणि बोरूची जाडी आधीच्या ओव्यांसारखीच आहे का. नकललेली पुष्पिका बऱ्याचदा ओव्यांच्या ओघात, त्याच आकाराच्या अक्षरांत पुढे चालू राहते. लेखक स्वतःची पुष्पिका लिहितो तेव्हा जागा सोडतो, अक्षर मोठे किंवा घाईचे होते, नाव-गाव येते, 'स्वार्थ' की 'परोपकारार्थ' लिहिली ते येते, कधी पोथी कोणासाठी केली तेही. नाव-गाव मुळीच नसेल तर संशय धरा. खाली दुसऱ्या हातची नोंद (पोथी कोणाची, कोणाला दिली) असेल तर तीही उतरवा.

मग कागद. एक-एक पत्र उजेडासमोर धरा. देशी हातकागदात साच्याच्या काड्यांच्या बारीक, थोड्या वाकड्या रेघा दिसतात, लगद्याचे गोळे दिसतात, पृष्ठ घोटून गुळगुळीत केलेले असते. विलायती कागदात पाणचिन्ह असू शकते, एकोणिसाव्या शतकातल्या कागदात तर त्यात सालही सापडते. तुमची ५७ ते ६३ ही पांढरट पत्रे त्यासाठी आधी तपासा. ती जीर्ण झालेल्या पत्रांच्या जागी नंतर लिहून घातलेली असणार. हे पक्के करायचे तर पत्र ६३ ची शेवटची बाजू बघा. भर घालणाऱ्याला जुन्या ६४ व्या पत्राच्या पहिल्या अक्षराशी नेमके येऊन थांबायचे असते, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन ओळींत अक्षरे एकतर दाटीवाटीने येतात किंवा उगाच ऐसपैस पसरतात. आतली पत्रे मात्र नेहमीसारखी असतात. तसे दिसले तर ही सात पत्रे पाठ जुळवण्यातून वगळा. ती कोणत्या प्रतीवरून लिहिली ते ठाऊक नाही. छापील ज्ञानेश्वरीवरूनही उतरवलेली असू शकतात.

हाताळताना काळजी घ्या. पान उलटायला बोट जिभेला लावू नका. चुकलेली अक्षरे झाकायला लेखक पिवळा हरताळ लावत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. हरताळात सोमल असते, ते विष आहे. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. काळी शाई काजळ आणि डिंकाची, ओल्या फडक्याने पुसली की सुटते, म्हणून धूळ फक्त मऊ कोरड्या कुंचल्याने, मध्यापासून कडेकडे झाडा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्हींनी गेलेले पत्र परत येत नाही. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात, वर-खाली फळ्या देऊन बांधा. कापडात वेखंडाची पुरचुंडी ठेवली तर कसर दूर राहते. ती कागदाला टेकू देऊ नका.

ओवीसंख्या

पाठाबद्दल लिहितो. एकनाथांच्या ओव्या आहेत म्हणून पाठ एकनाथी, इतके ते सोपे नाही. उपलब्ध पोथ्यांत एकनाथी परंपरेच्याच जास्त, तेव्हा शक्यता तीच. पण जुन्या पाठाच्या प्रतीला कोणीतरी श्रद्धेने या ओव्या मागाहून जोडल्या असतील, आणि एकनाथी प्रतीतून कोणी त्या गाळल्याही असतील. आतला मजकूरच तपासायला हवा.

आधी ढोबळ मोजणी. बाजूला १२ ओळी, ओळीत सरासरी ३६ अक्षरे, म्हणजे पत्रात ८६४. ३४१ पत्रांत सुमारे २,९४,६००. गीतेचे ७०० श्लोक, प्रत्येकी ३२ अक्षरे धरून २२,४०० वजा करा, राहिली २,७२,२००. ओवीला सरासरी ३० अक्षरे धरली तर ९,०७० च्या आसपास ओव्या. ज्ञानेश्वरीची ओवीसंख्या नऊ हजारांच्या घरात, तेव्हा तुमच्या पोथीत मोठी भर किंवा मोठी गळती नाही. ३० हा आकडा माझा ढोबळ आहे. वेगवेगळ्या अध्यायांतल्या वीस ओव्या मोजून तुमच्या प्रतीची सरासरी काढा आणि हिशेब पुन्हा करा. एकनाथांनी बजावून ठेवले आहे की ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली. तरी नरोट्या ठेवणारे होऊन गेले, म्हणून मोजायचे.

मग जुळणी. पहिला अध्याय घेऊन बसू नका. तो सर्वांत जास्त वाचला गेलेला, पाठ असलेला. लेखक समोरची प्रत न बघता तोंडपाठ लिहून मोकळा होतो. बाराव्याचीही तीच गत. सहावा, तेरावा आणि अठरावा यांच्या मधल्या भागातून प्रत्येकी पन्नास सलग ओव्या घ्या. तेरावा अकराशेंवर आणि अठरावा अठराशेंवर ओव्यांचा, तिथे लेखक थकलेला असतो आणि मुळाच्या खुणा तशाच राहतात. समोर दोन छापील पाठ ठेवा: एक रूढ एकनाथी परंपरेचा, दुसरा इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या, एकनाथांआधीच्या मानल्या जाणाऱ्या प्रतीचा. कोऱ्या कागदावर चार रकाने करा: ओवी क्रमांक, पोथीतला पाठ अक्षरशः, आणि दोन छापील पाठ. शुद्धलेखन सुधारू नका. 'लेखकु' असेल तर 'लेखकु', 'म्हणौनि' असेल तर 'म्हणौनि'.

वाचताना इथे फसाल: ख च्या जागी ष लिहिण्याची जुनी रीत आहे, 'देषिलें' म्हणजे 'देखिलें'. ख लिहिलाच असेल तर तो 'रव' असा सुटा दिसतो. घ आणि ध, थ आणि य, भ आणि म यांची गल्लत होते. शब्द तोडलेले नसतात, ओळ सलग चालते. ए-ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी उभी रेघ काढून दिलेली (पडिमात्रा) कुठे सापडली तर लगेच टिपून ठेवा. १७६८ च्या लेखकाच्या हातून ती सहसा निघणार नाही. समोरच्या जुन्या प्रतीतून नकळत आलेली असेल, आणि मूळ प्रत किती जुनी याचा तो सुगावा आहे.

दोन प्रती एकमेकींच्या नात्यात आहेत का हे बरोबर पाठांवरून कळत नाही; बरोबर पाठ सगळ्यांकडेच असतो. सामाईक चूक शोधा. लागोपाठच्या दोन ओव्या एकाच शब्दावर संपत असतील तर लेखकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरते आणि दुसरी ओवी जाते. तीच ओवी आणखी एका प्रतीत गळलेली असेल तर दोन्ही एका घराण्याच्या. दोन पाठांत निवड करताना अवघड पाठ जुना असण्याचा संभव जास्त, कारण नकलाकार कळत नाही ते सोपे करतो. पण निरर्थक पाठ म्हणजे अवघड पाठ नव्हे. त्याला आधी वरच्या अक्षरांच्या गल्लतीने सोडवून पाहा.

दौतटाक

पत्रांक ताडून पाहिले. १९, ८९, १९९ मधल्या ९ ची शेपटी डावीकडे आत वळते आणि पुष्पिकेतल्या आकड्याचीही तशीच खूण पुसट दिसते. पत्र ६३ च्या मागच्या बाजूला शेवटच्या तीन ओळींत ४३-४४ अक्षरे कोंबली आहेत. त्या सातही पत्रांत पाणचिन्ह नाही. पुष्पिकेआधी दोन बोटे जागा सोडलेली आहे आणि 'परोपकारार्थ' वाचता येते, पण त्याच्यामागे नावाच्या जागी हरताळ लावलेला आहे. त्याखालचे वाचता येईल का? आणि नोंद कशी लिहावी?

जुनाकागद

खरवडू मात्र नका, हरताळाबरोबर शाईही निघेल. पत्र सपाट ठेवून दिव्याचा झोत अगदी कडेने, जवळजवळ आडवा टाका. बोरूने दाबलेल्या कागदाचा उठाव कधीकधी दिसतो. मागच्या बाजूने मंद उजेड देऊनही पाहा. हे जमले नाही तर अवरक्त प्रकाशातला फोटो घेणारी प्रयोगशाळा गाठा: काजळाची शाई त्यात काळीच राहते आणि हरताळ फिका पडतो. नाव झाकलेले असणे म्हणजे बहुधा पोथी हस्तांतरित झाली. ते नाव लेखकाचे की मालकाचे हे वाचल्याशिवाय नोंदीत घालू नका.

हंसपाद

जागा सोडलेली, 'परोपकारार्थ' आलेले, म्हणजे पुष्पिका याच लेखकाची असण्याकडे कल आहे. नोंद अशी करा: 'रचना शके १२१२. शोधन शके १५०६, एकनाथांच्या ओव्या नकललेल्या. लेखन शके १६८[९], सर्वजित, माघ शु. ५ (जानेवारी १७६८). एकम स्थानचा अंक पुसट, संवत्सरावरून आणि पत्रांकांवरून निश्चित. वार त्रुटित. नाव हरताळाखाली. स्थळ नाही. पत्रे ५७–६३ नंतरच्या हातची, वेगळ्या कागदावर.' चौकोनी कंस विसरू नका. पुढच्या माणसाला तुम्ही वाचलेले कोणते आणि ठरवलेले कोणते हे त्यावरूनच कळेल. पाठाचा रकाना तूर्त मोकळा ठेवा, दीडशे ओव्यांची जुळणी झाली की भरा.