साडेचार हजारांची ऑप्टिकल केबल घ्यावी का?

केळीवाला_रावेर
मंडळी, एक सल्ला पाहिजे. नवीन टीव्ही घेतला, चित्र झकास पण आवाज अगदीच पिचका. वडिलांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर चांगले चालू आहेत, पण अँप्लिफायरला मागे फक्त लाल-पांढरी पिन, म्हणून मधे लावायला छोटा डॅक (डिजिटल आवाजाचा साधा सिग्नल करणारी डबी) बघितला. टीव्हीतून ऑप्टिकल निघणार, डॅकमधून लाल-पांढरी अँप्लिफायरला, इथपर्यंत ठीक. आता जळगावला एका दुकानात गेलो तर दुकानदार म्हणे साधी ऑप्टिकल केबल साडेतीनशेला आहे पण तिचा आवाज "पातळ" येतो, ही साडेचार हजारवाली न्या, पिनेला सोन्याचा मुलामा आहे, बेस भरून येतो. डॅकच अडीच हजारांचा आणि त्याला जोडायची वायर साडेचारची, हे काय पटून नाही राहिलं. पण साधी घेतली आणि नंतर मनात किडा वळवळत राहिला तर? अंतर जेमतेम दीड मीटर आहे. कोणी वापरलीये का?

मिक्सरवाला_धुळे
सोन्याचा मुलामा, आणि तोही ऑप्टिकलला? अरे भो, त्या केबलमधून करंट जातच नाही, उजेड जातो! टीव्ही चालू करून केबलचं दुसरं टोक बघ, लाल ठिपका दिसेल, तोच तुझा आवाज. आत एक मिलीमीटर जाडीचा प्लास्टिकचा धागा असतो बस. सोन्याला गंज लागत नाही म्हणून तांब्याच्या जोडणीत त्याचा काहीतरी उपयोग आहे, इथे ते सोनं फक्त मिरवायला.

आता "पातळ आवाज" हे प्रकरण. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक), डावा-उजवा धरून सेकंदाला साधारण १४ लाख बिट. ऐकायला मोठा आकडा वाटतो पण दीड मीटरच्या केबलला हे काहीच नाही. तोशिबाने ही जोडणी १९८३ मध्ये आणली ती सीडी प्लेअरसाठीच, म्हणजे तंत्र चाळीस वर्षांपेक्षा जुनं आहे. आणि केबल खराब निघाली तर काय होतं माहितीये का, बेस कमी होत नाही, आवाज पातळ होत नाही, सरळ टकटक येते, मधेच आवाज गायब होतो नाहीतर येतच नाही. बिघडलेल्या बिटला "फक्त तबला जरा मऊ कर" एवढी अक्कल नसते. त्यामुळे साडेतीनशेवाली घे, लावून बघ, न तुटता दोन सिनेमे निघाले म्हणजे केबल पास.

गिरणाकाठ
भाऊ, साडेचार हजारनी वायर! ऐकीसनच मन्हं डोकं फिरनं. साडेतीनशेनी ले आन गप बस 😄

सूरवेडा_नंदुरबार
सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून मुद्दाम लिहितो. बिट म्हणजे बिट हे अर्धंच खरं आहे. या जोडणीत डेटासोबत घड्याळही त्याच तारेतून जातं, वेगळी लाइन नसते. बिट बरोबर आले पण वेळेत मागेपुढे झाले तर त्याला जिटर म्हणतात आणि तो डॅकच्या आउटपुटला पोचू शकतो. मी माझ्या सीडी प्लेअरची कोएक्सियल केबल (हाच डिजिटल आवाज नेणारी तांब्याची तार) बदलली, भारीतली घेतली, त्यानंतर तंबोरा मागे स्वच्छ वेगळा ऐकू यायला लागला. कान आहेत आपल्याला, सगळं आकड्यांवर नसतं.

मिक्सरवाला_धुळे
@सूरवेडा जिटरचा मुद्दा खोटा नाहीये, तो पुस्तकातही आहे. पण ते घड्याळ सावरून घ्यायचं काम डॅकचं, आणि आताचे बरेच डॅक ते नीट करतात. जो करत नाही तो डॅक बदला ना, वायरीवर कशाला सोनं ओतायचं. आणि कोएक्सियलला ७५ ओमची केबल लागते हे खरं, पण जुन्या डीव्हीडी प्लेअरसोबत मिळायची ती पिवळ्या पिनेची व्हिडिओ केबल ७५ ओमचीच असते, दीड-दोन मीटरला मस्त चालते.

तंबोऱ्याचं म्हणाल तर एक करून बघा. घरातल्या कोणालातरी मागे बसवा, नाणं उडवून छापा-काटा बघून तो दोन्हीतली एक केबल लावेल, तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही फक्त ऐकून कागदावर लिहायचं कोणती आहे. दहा वेळा. पाच-सहा बरोबर आले तर ते नशीब, नऊ-दहा आले तर मी स्वतः नंदुरबारला येऊन ऐकतो. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता शंभरात साधारण एक आहे. किंमत माहीत असली की कान आधीच मान डोलवतात, हे सगळ्यांचंच होतं, त्यात कमीपणा नाही.

सूरवेडा_नंदुरबार
करून बघेन. पण मला माझी केबल आवडते हेही लिहून ठेवतो.

भुसावळ_लोको
केबलचं भांडण चालू द्या, मूळ अडचण वेगळीच येणारे. केळीवाले भाऊ, डॅक लावल्यावर आवाजच आला नाही तर केबलला शिव्या देऊ नका, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम" (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) करा. तिथे ऑटो किंवा बिटस्ट्रीम असेल तर टीव्ही डॉल्बी (होम थिएटरसाठी आवळून पाठवलेला आवाज) पाठवतो आणि स्वस्त डॅकला डॉल्बी कळत नाही, मग गप्प बसतो नाहीतर खरखर करतो. अर्धे लोक इथेच अडकतात आणि दुकानदार दुसरी महागडी केबल गळ्यात मारतो.

केळीवाला_रावेर
हे लय कामाचं सांगितलं भो. अजून एक, अँप्लिफायर सेट टॉप बॉक्सला लाल-पांढऱ्या पिनेने जोडला की घूंऽऽ असा आवाज येतो. उन्हाळ्यात जास्त. तो डॅकमुळे जाईल का? आणि पुढेमागे होम थिएटर घेतलं तर हीच केबल चालेल ना?

मिक्सरवाला_धुळे
घूं बहुतेक ग्राउंड लूपचा आहे. डिशची किंवा केबलची वायर एका बाजूने जमिनीला, अँप्लिफायर दुसऱ्या बाजूने, मधल्या तारेतून करंट फिरतो. ऑप्टिकलमध्ये तांबंच नाही त्यामुळे टीव्ही आणि डॅकमधली ती वाट बंद होते. फक्त सेट टॉप बॉक्सची लाल-पांढरी काढून टाक, त्याचा आवाज टीव्हीतूनच येऊ दे. आणि हे काम साडेतीनशेवालीही तितकंच करते.

उन्हाळ्यात जास्त म्हणतोस तर अर्थिंग बघून घे. आपली काळी माती मे महिन्यात वाळून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. वायरमनला बोलावून तपासून घे, खड्ड्यात पाणी टाकत जा, गरज असेल तर कोळसा-मीठ नव्याने भरून घे. लग्नाच्या सीझनमध्ये एका मंगल कार्यालयात अशीच घूं येत होती, केबल बदलून बदलून पोरं दमली, शेवटी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं तेव्हा शांत झालं. वाचलेले चार हजार तिथे घाल, घरच्यांच्या जिवालाही बरं. उरले तर स्पीकर कोपऱ्यातून काढून चांगल्या स्टँडवर ठेव, बेसमध्ये खरा फरक तिथे पडतो.

भुसावळ_लोको
होम थिएटरचं मी सांगतो. ऑप्टिकलवरून साधं डॉल्बी ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जातं, अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येणारं नवं डॉल्बी) जात नाही, त्याला एचडीएमआय लागेल, टीव्हीला ईआर्क (एचडीएमआयमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी सोय) असेल तर उत्तम. एचडीएमआयमध्येही किमतीकडे बघू नका, पाकिटावर "अल्ट्रा हाय स्पीड" आणि स्कॅन करायचं लेबल आहे का ते बघा, त्या ४८ गिगाबिटवाल्या असतात. तिथे हलकी केबल खरंच फसते, ४के ला पडदा काळा होतो, ठिपके येतात. म्हणजे सगळ्याच स्वस्त केबल चांगल्या असं मी म्हणत नाहीये.

केळीवाला_रावेर
ठरलं, साडेतीनशेवाली. भिंतीच्या पट्टीतून न्यायची आहे, काटकोनात वाकवली तर चालेल का?

मिक्सरवाला_धुळे
काटकोनात नको, उजेड तिथेच मरतो. कोपऱ्यावर वाटीएवढा गोल वळसा दे आणि उंदीर असतील तर पट्टीची तोंडं बंद कर. दोन्ही पिनांवर छोट्या पारदर्शक टोप्या असतात, त्या आधी काढ.