अनुभव धागा: कोरडं किती, शिजून किती? (कमी खर्चातलं घरचं साधं जेवण)

अडगळ
अडगळ आवरताना स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटाचं दार सापडलं. आतल्या बाजूला आईच्या हातचा कागद अजून चिकटलेला. डावीकडे 'कोरडं', उजवीकडे 'शिजून', बस. घरखर्चाचं सगळं गणित त्या दोन रकान्यांत बसवलं होतं हे आत्ता कळलं.

तर उतरवून देते. वाटी २०० मिलीची. काबुली चणे १ वाटी (साधारण १६० ग्रॅम), शिजून अडीच ते तीन. राजमा तेवढाच. मसूर सव्वादोन ते अडीच. तांदूळ तिप्पट. चौघांना एका वेळेला दीड वाटी कोरडं कडधान्य पुरतं. भिजवतानाच तीन वाट्या घ्यायच्या, निम्मं दुसऱ्या दिवशीला. गॅस जवळपास तेवढाच जळतो.

तुमच्याकडची मापं लिहा. आणि काय बिघडतं तेही. 'आवडीप्रमाणे घाला' नको, आकडे हवेत.

शिट्टीबाज
राजमा आलाच आहे तर आधी हे. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात खळखळून उकळी यायलाच हवी आणि ती किमान १० मिनिटं टिकायला हवी. ३० मिनिटं उकळलात तर उत्तमच. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, पाच-सहा दाण्यांनीही उलट्या सुरू होऊ शकतात. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथे पाणी उकळीपर्यंत पोचेलच असं नाही. तसा अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षा वाईट. प्रेशर कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास जातं, ती काळजी नाही.

उलथणं
चणे तीन तास उकळले तरी दाताखाली खडे 😭 काय चुकतंय

शिट्टीबाज
टोमॅटो कधी घातला?

उलथणं
सुरुवातीलाच. एकदम सगळं टाकून मोकळी होते

शिट्टीबाज
तिथेच. आंबट आधी पडलं की साल मऊ होत नाही, मग कितीही उकळा. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर सगळं चणे शिजल्यावर.

चमचाभर
ताई, पाणी जड आहे का तेही बघा. किटलीत पांढरा थर बसत असेल तर तेच पाणी चण्यांची सालंही घट्ट ठेवतं. उपाय: भिजवताना लिटरभर पाण्याला दोन लहान चमचे मीठ. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं सगळे सांगतात, पण भिजवणाच्या पाण्यात ते उलटंच काम करतं, साल मऊ पडते. तरीही ऐकत नसतील तर शिजवताना दोन वाट्यांना पाव लहान चमचा खायचा सोडा. त्याहून जास्त नाही, साबणासारखी चव येते आणि बी१ जीवनसत्त्व जातं.

आणि माल जुना असेल तर वरचं काहीच चालत नाही. आठ तास भिजवूनही जे दाणे सुरकुतलेले आणि टणक राहतात ते वेचून काढा. ओंजळभर निघाले तर पुढच्या वेळी दुकान बदला.

झाकण
शिजलं का हे घड्याळावर ठरवू नका. उकळत्या भांड्यातले दोन-तीन दाणे चमच्यात घ्या आणि फुंकर मारा. साल तडकून मागे वळली की जवळ आलं. मग एक दाणा अंगठा आणि बोटात दाबायचा. सहज पसरला पाहिजे, आणि मधे खडूसारखा पांढरा ठिपका दिसता कामा नये. ठिपका असेल तर अजून १०-१५ मिनिटं. एकच दाणा बघून आच बंद करू नका, वरचे आणि तळाचे दोन्ही बघा.

उलथणं
फुंकर मारून बघते आज. पोरं हसणार

पिशवीवाला
थोडं बाजाराबद्दल. पाटीवरचा किलोचा भाव बघू नका, ताटात पडणाऱ्या वजनाचा बघा. शेंगांतले मटार किलोभर आणले की दाणे ४०० ग्रॅमच्या आसपास निघतात. म्हणजे फ्रोझन मटार शेंगांच्या भावाच्या अडीचपटीपर्यंत असले तरी तोटा नाही, सोलायची मजुरी तर धरलीच नाही. कोबी-गाजरात उलट, जवळजवळ सगळं पोटात जातं आणि फ्रिजमध्ये दोन आठवडे आरामात टिकतात. पालेभाजी स्वस्त मिळाली म्हणून तीन जुड्या घेतल्या आणि दीड कुजली, तर ती स्वस्त नव्हती.

फ्लॉवरचे दांडे, ब्रोकोलीचा बुंधा फेकू नका. वरची जाड साल तासून पातळ चकत्या करायच्या, तुऱ्यांच्या तीन मिनिटं आधी टाकायच्या. एकदम टाकलं तर तुरे लगदा होतात आणि दांडे कच्चे.

कोरा कागद
पण फ्रोझन म्हणजे प्रोसेस्डच ना? धाग्याचा विषय काय आणि चाललंय काय

अडगळ
दादा, नुसतं गोठवणं, वाळवणं, दळणं यात अडचण नाही. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मॉन्टेइरो यांनी २००९ मध्ये अन्नावर किती प्रक्रिया झाली त्यावरून गट पाडायची मांडणी सुरू केली, तिचं पुढे नोव्हा वर्गीकरण झालं. त्यात चार गट आहेत. साधे गोठवलेले मटार, कोरडी कडधान्यं, दूध, अंडी पहिल्या गटात. तेल, मीठ, साखर दुसऱ्या. टाळायचा तो चौथा, कारखान्यात अति प्रक्रिया झालेल्या पदार्थांचा. पाकिटामागची यादी वाचा: इमल्सिफायर, ग्लुकोज सिरप, कृत्रिम स्वाद असं घरच्या डब्यात कधीच नसणारं काही दिसलं की ठेवून द्या.

कोरा कागद
बरं. मग सोया चंक्स?

झाकण
आता हा वेगळा धागा होईल 😄

मीठमोजे
मिठाचा हिशेब कुणी करत नाही. डब्ल्यूएचओ म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. चार मोठी माणसं असली तर रोज २० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. पिशवीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा. महिन्यात संपत असेल तर हात जड आहे. आणि पाव, चीज, सॉसमधलं मीठ या हिशेबात आलंच नाही.

उलथणं
बघितलं आत्ता. २६ दिवसांत अर्ध्याच्या खाली. गप्प बसते

चमचाभर
तेलाचंही तसंच, बाटलीतून थेट ओतू नका. मोठा चमचा १५ मिलीचा, त्यात साधारण १२० कॅलरी. चौघांच्या भाजीला दोन चमचे भरपूर होतात. कांदा चिकटायला लागला की तेलाऐवजी चमचाभर पाणी शिंपडा, तळाला लागलेलंही सुटून येतं.

शिट्टीबाज
उरलेल्या भाताचं लिहायचं राहिलं. पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष परत गरम केल्याने जात नाही. परातीत पातळ पसरायचा, तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा. गरम करताना सगळीकडून वाफ यायला हवी. कडधान्य मात्र तीन दिवस चालतं.

झाकण
किंवा गोठवा. दाणे त्यांच्याच पाण्यासकट, एका जेवणापुरते, पिशवीत सपाट, बोटभर जाडीचे. गोळा करून गोठवलेले मधून वितळायला तासन्‌तास लागतात.

अडगळ
चण्या-मसुरात लोह असतं पण अंगी कमी लागतं. ताटात वाढताना लिंबू पिळा, किंवा कच्ची ढोबळी मिरची. चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने.

पिशवीवाला
प्रथिनांचं कुणी विचारेल म्हणून: १०० ग्रॅम कोरडा मसूर, साधारण चार अंड्यांइतकी प्रथिनं. जोडीला भात किंवा गहू असू द्या, मसुरात मेथिओनिन कमी आणि धान्यात लायसिन कमी (दोन्ही प्रथिनांचे घटक), एकमेकांचं भरून काढतात. त्याच जेवणात हवं असंही नाही, दिवसभरात झालं तरी चालतं.

मीठमोजे
अंड्यांवरून आठवलं. उकडलेल्यांचं टरफल नीट निघत नाही, पांढरं सोबत येतं. काय करावं?

चमचाभर
फार ताजी आहेत. उकडायला आठवडाभर जुनी घ्या. ती थंड पाण्यात ठेवून तापवू नका, उकळत्या पाण्यात सोडा, ११ मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. सोलायला जाड टोकाकडून सुरुवात करा, तिथे हवेची पोकळी असते.

उलथणं
फुंकर मारली! साल उलटली!! पण ठिपका आहे अजून. १५ मिनिटं लावते